अजून आहे, बरं का!

माझ्या ऑफिसच्या संगणकात ४३ माणसं मेलेली आहेत. त्यांपैकी ३९ अजून हिंडती-फिरती आहेत. त्यातले एकजण तर परवा नाटकाच्या मध्यंतरात माझ्याच शेजारी उभे राहून बटाटेवडा खात होते. ‘तू नाही घेत? घे की एक!’ म्हणून त्यांनी मला आग्रहही केला. ज्याच्या नावामागे आपण स्वतःच्या हाताने ‘कालवश’ लिहून ठेवलंय, त्याने दिलेला वडा घशाखाली उतरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. चटणी लावूनही उतरत नाही.

गैरसमज नको. मी खुनी नाही. मी एका वर्तमानपत्राच्या मनोरंजन पुरवणीत काम करणारा पत्रकार आहे. मनोरंजन पत्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. आमच्या मावशीची समजूत अशी, की मी सकाळी एखाद्या नटीबरोबर चहा घेतो, दुपारी नटाबरोबर जेवतो आणि संध्याकाळी दोघांचं भांडण लावून घरी येतो. प्रत्यक्षात मी हॉटेलच्या लॉबीत तीन तास बसतो आणि तीन मिनिटांची मुलाखत घेतो. त्या तीन मिनिटांत नट मला सांगतो, की ही भूमिका फार आव्हानात्मक होती आणि सेटवर आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो. कुटुंबासारखे म्हणजे नेमके कसे, हे विचारायचं धाडस मी करत नाही. आमच्या कुटुंबात वाटणीचा दावा २२ वर्षं चालू आहे.

शुक्रवारी सिनेमा बघायचा आणि त्याला पाचांपैकी तारे द्यायचे. उरलेल्या दिवसांत कोणाचं जुळलं, कोणाचं फाटलं ते बघायचं. आणि या सगळ्यातून वेळ उरला, की माणसं मारायची.

नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वृत्तसंपादकांनी मला जवळ बसवून या कामाची दीक्षा दिली. ते म्हणाले, “हे बघ, नट सकाळी जात नाहीत. पान सोडायच्या आधी पाऊण तास जातात. त्या वेळी तू त्यांचं जन्मसाल शोधत बसणार का? म्हणून सत्तरी ओलांडली की फाइल तयार.” मग त्यांनी मला एक यादी दिली. यादीत काही नावांपुढे लाल खूण होती. मी भोळेपणाने विचारलं, “हे आपले आवडते कलाकार का?” ते म्हणाले, “नाही. हे दवाखान्यात आहेत.”

मृत्युलेखाची भाषा ठरलेली असते. ती यायला फार तर दोन आठवडे लागतात. नट मरत नाही, तो काळाच्या पडद्याआड जातो. गायक गेला की सूर हरपतो, लेखक गेला की लेखणी थांबते. विनोदी नट गेला, तर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच रसिकांना रडवलेलं असतं. आणि प्रत्येकाच्या जाण्याने एक पोकळी निर्माण होते, ती कधीही भरून न निघणारी असते. मी स्वतः अशा ४३ पोकळ्या निर्माण केल्या आहेत. इतक्या पोकळ्या पडल्यावर मराठी चित्रसृष्टीत भरीव असा भाग कितीसा उरला असेल, याची मला कधीकधी खरोखर काळजी वाटते.

घरी हे कळलं तेव्हा आईने कानांवर हात ठेवले. “जित्या माणसाचं मरण लिहितोस? अरे, वास्तू तथास्तु म्हणत असते!” मी तिला समजावलं, की आमच्या ऑफिसची वास्तू तथास्तु म्हणणाऱ्यांपैकी नाही. आम्ही गेली तीन वर्षं पगारवाढ मागतो आहोत. पण आईचं समाधान झालं नाही. मग मी तिला आजीची आठवण करून दिली. आजीने आपल्या शेवटासाठी एक कोरं नऊवारी लुगडं ट्रंकेत काढून ठेवलं होतं. दर दिवाळीला ती ते उन्हात घालायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. एकदा ऐन वेळी कोणाच्या तरी लग्नाला धड लुगडं सापडेना, तेव्हा तेच नेसून ती जेवून आली होती. म्हणजे तयारी ठेवणं हे काही पाप नव्हे. आई म्हणाली, “तिनं स्वतःची तयारी ठेवली होती. दुसऱ्याची नव्हे.”

आईचं हेच असतं. ती वाद घालत नाही. नुसतं एक वाक्य टाकून कुकर लावायला निघून जाते.

बरं, हा उद्योग काही आमचाच नाही. जगभर चालतो. न्यूयॉर्क टाइम्सचे चित्रपट समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांनी विनोदी नट बॉब होप यांचा मृत्युलेख लिहून ठेवला होता. होपसाहेबांनी शंभरी गाठली आणि २००३ साली ते गेले. लेख छापून आला, पण कॅन्बी स्वतः २००० सालीच वारले होते. एलिझाबेथ टेलरबाई २०११ साली गेल्या, तेव्हा त्याच वर्तमानपत्रात त्यांचा मृत्युलेख आला तो मेल गसो यांचा. गसो २००५ सालीच निवर्तले होते. तेव्हापासून यादीतल्या नावाकडे बघताना मी जरा जपूनच बघतो. कोणाची फाइल कोण बंद करील, सांगता येत नाही.

तयार मजकुराचा आणखी एक धोका म्हणजे साचा. २००३ साली सीएनएनच्या वेबसाइटवरचे असे राखीव मृत्युलेख चुकून लोकांना दिसू लागले. ते राजमाता एलिझाबेथ यांच्या मृत्युलेखाच्या साच्यावर बेतलेले होते. त्यामुळे अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्रपती डिक चेनी यांचं वर्णन ‘ब्रिटनची लाडकी आजी’ असं झालं होतं. हसू नका. आमच्याकडे एका खलनायकाच्या फाइलमध्ये ‘महाराष्ट्राच्या प्रत्येक घरातली सोज्ज्वळ आई’ असं मी स्वतः वाचलं आहे. कोणी लिहिलं होतं, ते सांगत नाही. पगारवाढीचा प्रश्न अजून बाकी आहे.

पण हे हसण्यावारी नेण्याचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते, तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी सगळीकडे फिरली. श्रद्धांजल्याही वाहून झाल्या. मग घरच्यांना सांगावं लागलं, की ते आहेत. ते गेले २६ नोव्हेंबरला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच झालं. ११ तारखेला वाहिन्यांनी त्यांना मारलं, आणि मुलीला व पत्नीला जाहीरपणे सांगावं लागलं, की असं काही झालेलं नाही. ते गेले २४ तारखेला. या दोन्ही वेळी चूक काय झाली, ते आम्हा लोकांना नीट ठाऊक आहे. मजकूर तयार होता. तयार मजकूर हा भाजून ठेवलेल्या भाकरीसारखा असतो. तो गरम आहे तोवर वाढायची घाई होते. वाट फक्त एका फोनची असते, आणि तो फोन करायला कोणी तयार नसतं.

कारण विचारणार काय? ‘हॅलो, साहेब गेले का?’ असं विचारता येत नाही. ‘घरात आहेत का?’ असं विचारलं, तर ‘आहेत’ या उत्तराचा अर्थ त्या दिवशी दोन प्रकारे लागू शकतो. आमच्यातले मुरलेले लोक ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारून नुसते गप्प राहतात. पलीकडून रडू आलं, तर बातमी पक्की.

असाच एक फोन गेल्या पावसाळ्यात माझ्यावर आला.

एक ज्येष्ठ चरित्र अभिनेते. नाव सांगत नाही. सोयीसाठी त्यांना काका म्हणू. सगळे त्यांना तेच म्हणतात. तमाशापटांत पाटलाचा दिवाणजी, हिंदीत ‘येस सर’ म्हणणारा हवालदार आणि पुढे मालिकांत झोपाळ्यावर बसलेले आजोबा, असा त्यांचा पन्नास वर्षांचा प्रवास. चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव निम्म्यांना. रात्री सव्वादहाला व्हॉट्सअपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरू लागला. वृत्तसंपादक म्हणाले, “फाइल आहे ना? फोन करून खात्री कर, पान थांबवलंय.”

काकांकडे अजून जुना घरचा फोन आहे. तीन वेळा घंटी वाजली आणि पलीकडून खणखणीत आवाज आला, “हॅलो, कोण?”

आवाज काकांचाच. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, “काका, तब्येत कशी आहे?”

“तू आजचा सहावा,” काका म्हणाले. “वर्षभरात एकाचा फोन नाही, आणि आज अर्ध्या तासात सहा. मी गेलो का रे?”

“तसं नाही काका...”

“मग कसं? लाजू नकोस. तुमच्याकडे लिहून तयार असतं, मला माहीत आहे. वाच.”

“काका, काहीतरीच काय!”

“अरे, उद्या वाचायला मी असणार नाही. आज आहे तर वाच. चष्मा शोधायचा त्रास वाचेल.”

मी वाचला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड वाचन. ‘अष्टपैलू’ आलं, ‘भूमिकेचं सोनं केलं’ आलं, ‘शब्दफेकीवर विलक्षण हुकमत, रंगमंचावर ज्यांच्या तोंडून कधी एक अक्षर निसटलं नाही’ आलं. पोकळी आली. पलीकडे काका मध्येमध्ये ‘हं’ करत होते. ‘त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे असा परिवार आहे’ इथे त्यांनी मला थांबवलं. “एक मुलगा, एक मुलगी. आणि बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा तुमच्याकडून फोन आला नव्हता.”

मी ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. पाऊस दोन्हीकडे पडत होता.

“फार गोड लिहिलंयस,” काका म्हणाले. “मेलेल्याला मधुमेह नसतो, म्हणून एवढी साखर घालता होय? पण एक सांग. दोन वर्षांपूर्वी माझं ते नाटक आलं होतं, त्याचं परीक्षण तुझंच ना?”

होतं. माझंच होतं. मी तेव्हा नवीन होतो आणि नव्या सुरीसारखा दिसेल ते कापत होतो. काकांबद्दल मी लिहिलं होतं, की ‘त्यांनी आता रंगमंचाऐवजी नातवंडांत रमावं, तिथे वाक्यं विसरली तरी चालतात.’ ऑफिसात हे वाक्य फार गाजलं. दोघांनी मला चहा पाजला होता. काकांनी ते वाक्य मला फोनवर स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. शब्दफेकीवर हुकमत होतीच.

“काका, मला माफ...”

“अरे, माफी कसली? तू खोटं कुठे लिहिलंस? त्या दिवशी मला ताप होता, मी दोन वाक्यं खाल्ली. झोंबलं ते खरं होतं म्हणून. मला एवढंच कळत नाही, की त्या दिवशी ज्याला पाठांतर जमत नव्हतं, त्याची आज शब्दांवर हुकमत कशी आली? नुसतं मरून एवढी सुधारणा होत असेल, तर आम्ही तालमी कशाला केल्या?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. एकाच माणसाबद्दल मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक तो वाचणार होता तेव्हा, आणि एक तो वाचणार नव्हता तेव्हा. वाचणार होता तेव्हा मी क्रूर होतो, वाचणार नव्हता तेव्हा दयाळू. शहाण्या माणसाने हे उलट करायला हवं होतं. सत्य आणि दया यांत काय निवडावं, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. पण मी सत्य जिवंत माणसाला दिलं आणि दया मेलेल्याला, म्हणजे दोन्ही चुकीच्या पत्त्यावर पाठवली.

काका मात्र पुढे बोलत होते. “आणि माझ्यात एक गोष्ट बरी होती, ती तुझ्या लेखात नाहीच.”

“कोणती काका?”

“मी समोरच्याला टाळी घेऊ द्यायचो. नायकाचं वाक्य पडलं, की मी हालचाल थांबवायचो. पापणीसुद्धा. प्रेक्षकाची नजर माझ्याकडे वळली, की त्याची टाळी गेली. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या टाळीआड आलो नाही बघ. हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येऊ नये, हेच त्यातलं काम. चल, ठेवतो. तुझं पान थांबलं असेल.”

त्या रात्री पान सुटलं. काकांच्या जागी वजन कमी करण्याच्या बेल्टची जाहिरात गेली.

पुढच्या रविवारी मी काकांचा एक जुना सिनेमा काढून बसलो. लहानपणी बाबांबरोबर तो चार वेळा पाहिला होता. पण तेव्हा नायकाला पाहिला होता. त्याच्या डाव्या हाताला कोण उभं आहे, हे पाहायचं कारणच नव्हतं. या वेळी मी फक्त काकांना पाहिलं. चावडीचा प्रसंग. नायक तावातावाने बोलतो आहे. काका हातातल्या चोपडीचं पान उलटत असतात. नायकाचं ते वाक्य येतं, आणि काकांचा हात अर्ध्यावर थांबतो. पान उभंच राहतं. टाळी वाजून संपेल एवढा वेळ जातो, आणि मग ते पान हळूच पलीकडे पडतं. मी तो प्रसंग आठ वेळा मागे नेऊन पाहिला. बाबा म्हणाले, “अडकलंय का रे?”

तेव्हा मला कळलं, की माझ्या परीक्षणात काय नव्हतं आणि मृत्युलेखातही काय नव्हतं. ते पान नव्हतं. एकीकडे तयार टोमणा होता, दुसरीकडे तयार विशेषणं होती. माणूस मी कुठेच पाहिला नव्हता. खोटं बोलायलासुद्धा आधी समोरच्याकडे नीट पाहावं लागतं. मी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

मी त्या उभ्या राहिलेल्या पानावर एक लेख लिहिला आणि वृत्तसंपादकांकडे नेला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “चांगलंय. निमित्त काय?”

“निमित्त म्हणजे?”

“म्हणजे आत्ता का? पुरस्कार मिळालाय? नवीन सिनेमा येतोय? आजारी आहेत?”

“नाही. जिवंत आहेत.”

“ते निमित्त होत नाही.”

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक असावी. म्हणूनच त्यांनी सहस्रचंद्रदर्शनाची सोय करून ठेवली. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या, की लोकांनी त्याला पाटावर बसवून त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं, आणि त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. त्यात नंतर पंचाहत्तरीच्या अमृतमहोत्सवाची भर पडली. मी हिशेब केला. काका ७८ वर्षांचे. अमृतमहोत्सव हुकला, आणि हजाराव्या चंद्राला अजून जवळजवळ तीन वर्षं. मधल्या काळात चांगलं म्हणवून घ्यायचं, तर मरण्यावाचून इलाज नाही.

आणि हे छोट्या नटांचंच होतं असंही नाही. ज्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली या देशाला ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, ते १९४४ साली नाशिकला गेले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. म्हणजे निमित्त सापडायला २५ वर्षं लागली. १९५१ च्या ‘अलबेला’ने देशाला नाचवणारे भगवानदादा शेवटी दादरच्या चाळीत राहिले आणि २००२ साली गेले. त्यांची ती पावलं आपण अजून लग्नाच्या वरातींत टाकतो. वरात चाळीखालून जायची, तेव्हा वर बघायचं सुचलं किती जणांना?

मग मी स्वतःपुरता एक नियम केला. परीक्षण लिहिताना, हा माणूस उद्या जाणार आहे असं समजून लिहायचं. आणि मृत्युलेख लिहिताना, हा माणूस तो वाचणार आहे असं समजून लिहायचं. नियम उत्तम आहे. फक्त तो पाळला, की दोन्ही मजकूर हळूहळू सारखेच होऊ लागतात. वृत्तसंपादक म्हणतात, “तुझं परीक्षण वाचून कळत नाही, की सिनेमा पडला की नट गेला.” चहा आता कोणी पाजत नाही.

लेख शेवटी छापून आला. त्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली, ते निमित्त चाललं. सिनेमाच्या पन्नाशीला किंमत आहे, माणसाच्या अठ्ठ्याहत्तरीला नाही. आठव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लेखाचा निम्मा भाग कापून, पण आला. चोपडीचं पान तेवढं राहिलं होतं. आईने तो अंक जपून ठेवला आहे. कुठे, ते विचारलं तर म्हणाली, “आजीच्या ट्रंकेत.”

आणि आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकांचा फोन येतो. सुरुवात ठरलेली. “अजून आहे, बरं का! फाइलमध्ये काही बदल?” मी काय नवीन घातलं, ते वाचून दाखवतो. ते दुरुस्त्या सांगतात. ‘अष्टपैलू’ त्यांनी स्वतःच काढायला लावलं. पोकळीही बुजवली. परवा म्हणाले, “ते चोपडीचं पान आहे ना रे अजून?”

“आहे काका. पहिल्याच परिच्छेदात आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले. “आता छापायची घाई करू नकोस.”